क्लच दाबला म्हणजे ट्रॅक्टर थांबला, असे नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीत जुन्या ट्रॅक्टरांच्या गिअरबॉक्सला पानभर जागा दिलीत, त्याबद्दल आभार. पण ‘अडचण आली तर क्लच दाबावा, ट्रॅक्टर जागेवर उभा राहतो’ हे वाक्य छापायला नको होते. पाऊस ओसरला की मुरबाड-शहापूरकडे असेच जुने ट्रॅक्टर मागे स्लॅशर (फिरत्या पात्यांचे अवजार) लावून गवत कापायला निघतात. त्यावर बसणाऱ्याने हे खरे मानले तर माणूस जाईल.

लेखात ज्या फर्ग्युसन टीई-२० चे कौतुक आहे, त्याचा क्लच एकेरी. पीटीओ, म्हणजे मागचे अवजार फिरवणारा शाफ्ट, निघतो गिअरबॉक्समधल्या लेशाफ्ट नावाच्या जोडशाफ्टवरून, म्हणजे क्लचच्या मागून. पेडल दाबले की इंजिन तेवढे सुटते. स्लॅशर, लेशाफ्ट आणि चाके एकमेकांना जोडलेलीच राहतात. जड पात्यांच्या फिरण्यात साठलेला जोर मग उलट्या वाटेने येतो आणि पेडल तळाला टेकलेले असतानाही ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. न्यूट्रल करायला जावे तर दात ताणाखाली, लिव्हर हलत नाही. पुढे बांध असो की विहीर. कॉन्स्टंट मेश, म्हणजे दात कायम गुंतलेले, गिअर असल्याने यात काही फरक पडत नाही.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. पीटीओच्या टोकावर ओव्हररनिंग कपलिंग बसवायचे. ते इंजिनाकडून स्लॅशरकडे जोर जाऊ देते, उलटा येऊ देत नाही. या ट्रॅक्टरचा मूळ शाफ्ट १ १/८ इंचाचा आणि आजची अवजारे १ ३/८ इंचाच्या सहा स्प्लाइनची (खाचांची), तेव्हा कपलिंग घेताना दोन्ही मापे सांगावीत. कपलिंगने लांबी काही इंच वाढते, म्हणून पीटीओ आणि स्लॅशर यांना जोडणारा जॉइंट शाफ्ट तेवढा कापावा लागतो. न कापता जोडला तर लिफ्ट वरखाली होताना तो आत टेकतो आणि पीटीओचे बेअरिंग फोडतो. जास्त कापला तर त्याच्या दोन नळ्यांची एकमेकांतली पकड अपुरी पडते. ग्रीस मिळाले नाही की कपलिंग गंजून धरते आणि असून नसल्यासारखे होते. इंजिन बंद करून, पीटीओ गिअरमध्ये ठेवून जॉइंट शाफ्ट हाताने फिरवून पाहा: एका बाजूला मोकळा फिरला आणि दुसऱ्या बाजूला अडला तरच कपलिंग ठीक. आणि ट्रॅक्टर थांबला तरी पाती फिरतच असतात, तेव्हा लगेच उतरून मागे जाऊ नये.

कॅनडाच्या कॉकशट ३० ने १९४६ सालीच पीटीओला चाकांपासून स्वतंत्र क्लच दिला. पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ च्या काही ट्रॅक्टरांत दुहेरी क्लच आला: पेडल अर्धे दाबले की चाके सुटतात, पूर्ण दाबले की पीटीओही. लेखकाचे वाक्य फार तर अशा ट्रॅक्टरला लागू पडेल, तेही पेडलची मोकळी चाल नीट लावलेली असेल तर. सगळ्या जुन्या ट्रॅक्टरांना एकाच दावणीला बांधून कसे चालेल?

चौकटीतला ‘१४० नंबरचे जीएल-५ ऑइल टाका’ हा गिअर ऑइलचा सल्लाही तसाच. १९१७ च्या फोर्डसनच्या मागच्या ॲक्सलमध्ये पोलादी वर्म (स्क्रूसारखा गिअर) आणि ब्राँझचे चाक आहे. जीएल-५ मधली गंधकाची रसायने तापल्यावर ब्राँझ खातात, आणि ते चाक आता मिळणार कुठे? (१९४५ च्या ई-२७-एन मध्ये फोर्डने वर्म काढून क्राउन-पिनियन गिअर घातले, तिथे ही भीती नाही.) टीई-२० मध्ये तर गिअर, ॲक्सल आणि हायड्रॉलिक यांचे ऑइल एकच. १४० नंबरसारखे दाट ऑइल त्या पंपाला ओढवत नाही आणि लिफ्ट सुस्त होते.

आणखी एक. डेट्रॉइट आणि कॉव्हेंट्री या परदेशातल्या ट्रॅक्टरच्या गावांना चार कॉलम मिळाले. ज्या कांदिवलीत इंटरनॅशनल कंपनीचा बी-२७५ ट्रॅक्टर, आठ पुढचे आणि दोन रिव्हर्स गिअर असलेला, बनू लागला, तिच्यासाठी एक ओळही नाही. घोडबंदर रस्त्याने निघालेला आपला वार्ताहर तासाभरात तिथे पोचला असता.

क्लचबद्दलची दुरुस्ती कृपया पुरवणीच्याच पानावर, ठळक अक्षरांत छापावी. पाऊस आता थांबतच आला आहे.

आपला,
एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)