माळावरची शिलावर्तुळे राखण्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

नागपूरहून काटोलकडे निघालं की संत्र्याच्या बागा दाट व्हायच्या आधी मुरमाड माळ लागतात. तरोटा, बोरी, पळस, मधूनच एखादं मोहाचं झाड. असाच एक माळ आमच्या गावाच्या शिवेवर आहे. कागदोपत्री तो झुडपी जंगल. गावाची ढोरं तिथे चरतात, पोरं बोरं खायला जातात. त्या माळावर काळ्या गोट्यांची वर्तुळं आहेत. काही एवढी मोठी की आत बैलबंडी सहज वळावी. जुनी माणसं त्यांना गवळ्यांचे तळ म्हणत आली. अभ्यासक त्यांना शिलावर्तुळं म्हणतात. अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी इथे राहणाऱ्या लोकांनी आपली मेलेली माणसं जिथे पुरली, त्या या जागा.

ही वर्तुळं राखायची आणि बघायला येणाऱ्याला ती नीट दाखवायची, एवढ्यासाठी ग्रामसभेने ठराव करून जतन समिती नेमली आहे. तिच्या वतीने हे आवाहन करत आहोत.

विदर्भ म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाघ आठवतो. पेंच, ताडोबा करून तो परत जातो. पण आपला हा मुलूख एके काळी घोड्यांचा होता, हे आपल्यातल्याच फार थोड्यांना माहीत आहे. नागपूरजवळच्या माहूरझरीला पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांनी १९७० नंतर उत्खनन केलं, तेव्हा वर्तुळांच्या पोटात माणसांच्या सांगाड्यांबरोबर घोड्यांची हाडं निघाली. नुसती हाडं नव्हेत, घोड्याचा साजही निघाला. तोंडात द्यायची लोखंडी लगामाची कडी आणि कपाळापासून नाकाडापर्यंत बसणारे तांब्याच्या पत्र्याचे दागिने. पातळ पत्रा आकाराप्रमाणे कापलेला आणि लोखंडी गुंड्या ठोकून मढवलेला. घोड्याच्या हाडांवर कापल्याच्या खुणाही अभ्यासकांना आढळल्या. म्हणजे धन्याच्या दफनाच्या वेळी त्याचा घोडाही बळी दिला जात असावा. तांब्याची मूठ असलेला लोखंडी खंजीरही तिथेच मिळाला. हा घोडेस्वार आणि शस्त्रधारी माणसांचा समाज होता.

अशी वर्तुळं दक्षिणेत पार केरळ-तामिळनाडूपर्यंत आहेत. पण सजवलेला घोडा माणसाजवळ पुरायची रीत जेवढी ठळक विदर्भात दिसते, तेवढी इतरत्र दिसत नाही. टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी, हिंगण्याजवळचं रायपूर, वर्धा जिल्ह्यातलं खैरवाडा ही सगळी नावं पुरातत्त्वाच्या पुस्तकांत देशभर वाचली जातात. नायकुंडला पेंच नदीच्या काठी लोखंड गाळायची भट्टी सापडली. लगामाची कडी बाहेरून आणावी लागत नव्हती, लोखंड इथेच गाळलं जात होतं. मेळघाटातले कोरकू आजही मृताच्या नावाने कोरलेला लाकडी खांब उभारतात आणि त्यावर घोडेस्वार कोरतात. त्या रिवाजाचा आणि या वर्तुळांचा संबंध जोडायला आमच्याकडे पुरावा नाही, पण खांबावरचा तो स्वार पाहिला की हा माळ आठवल्याशिवाय राहत नाही.

आमच्या माळावर उत्खनन झालेलं नाही. त्यामुळे कोणत्या वर्तुळाखाली घोडा आहे आणि कोणत्या वर्तुळाखाली फक्त मडकी, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण जमीन शाबूत राहिली तर पुढे कधीतरी जाणकार माणूस ते शोधून काढील. गोटा हलला, माती उपसली, की मग कितीही पैसा ओतला तरी ते कळायचं नाही. वर्तुळातला गोटा उचलून दुसरीकडे मांडला तर तो नुसता गोटाच उरतो.

मुरूम उपसताना एका वर्तुळाची कड कापली गेली आहे. तिथे उभं राहिलं की सगळं डोळ्यांसमोर येतं. सबंध माळ पिवळट मुरमाचा, आणि त्या कापलेल्या जागी मात्र आत काळी माती. ती माती माळाची नाही. वावरांकडच्या खोलगट भागातून मुद्दाम आणून भरलेली. तिच्यावर गोट्यांचा थर, आणि मातीत अडकलेला मडक्याचा काठ, आतून काळाभोर, बाहेरून खाली लाल. हे भांडं भट्टीत उपडं ठेवून भाजतात, म्हणून हवा न लागलेला भाग काळा होतो आणि उरलेला लाल. कुंभाराच्या घरातल्या माणसाने ते खापर हातात न घेता, नुसतं वाकून पाहून ओळखलं. खापर जिथे होतं तिथेच आहे. वरून ताडपत्री टाकली आहे, ती या पावसाळ्यात टिकणार नाही.

वर्तुळांचं नुकसान एका कारणाने होत नाही. रस्त्याला आणि घराच्या जोत्याला मुरूम लागतो, आणि माळ जवळ पडतो. विहिरीच्या पाळीला, धुऱ्याला गोटे सोयीचे. आणि अमावस्येच्या रात्री गुप्तधनाच्या नादाने खोदणारे वेगळेच. सकाळी गुराखी गेला की खड्डा, लिंबू आणि कुंकू दिसतं. या नादाला लागलेल्या भावांना कळकळीने सांगतो, या वर्तुळांत सोन्याचे हंडे कुठेही निघालेले नाहीत. निघाली ती लोखंडाची हत्यारं, मडकी, मणी. ज्याच्या घरात बाप-आजाचं दफन आहे तो ते उकरू देत नाही. ही माणसंसुद्धा कोणाचे तरी बाप-आजे होते. शिवाय १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावीच लागते. दडवली तर शिक्षा होते.

काही वर्तुळं कास्तकारांच्या वावरांत आहेत. त्यांच्या मनात धास्ती आहे आणि ती खोटी नाही. केंद्र शासनाच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, हे सगळ्यांनी ऐकलंय. आमचा माळ आज संरक्षित यादीत नाही. तशी मागणी ग्रामसभेत उघड चर्चा झाल्याशिवाय समिती करणार नाही. ज्यांच्या वावरात वर्तुळ आहे त्यांच्याकडे आमचं एकच मागणं आहे: त्या तुकड्यात ट्रॅक्टर घालू नका, गोटे हलवू नका. कोणाचा सातबारा बदलत नाही, पीक कोणी अडवत नाही.

आता मदत कशाकशासाठी हवी ते सांगतो.

सर्वांत आधी माळाच्या गावाकडच्या आणि रस्त्याकडच्या बाजूला दगडी पाळ घालायची आहे, म्हणजे ट्रॅक्टर आणि जेसीबी आत शिरणार नाही. तारेचं कुंपण सोपं पडलं असतं, अनेकांनी ते सुचवलंही. पण खांबासाठी खड्डा खणायचा म्हणजे जे वाचवायचं तेच फोडायचं. पाळ जमिनीवर नुसती रचता येते. त्यासाठी दगड खाणीतून विकत आणायचा, माळावरचा एक गोटाही वापरायचा नाही, हे ठरावातच लिहिलं आहे. दगड, वाहतूक आणि पाळ रचणाऱ्या वडाऱ्यांची मजुरी हा सर्वांत मोठा खर्च. ज्यांच्याकडे टिप्पर किंवा ट्रॉली आहे त्यांनी एखाद-दुसरी खेप दिली तरी मोठा भार हलका होईल.

दुसरं काम जुन्या शाळेच्या खोलीचं. वर्ग नव्या इमारतीत गेले, खोली रिकामी आहे. कवेलू बदलले, भिंती पोतल्या, वीज आली की तिथे छोटं दालन उभं राहील. खऱ्या वस्तू तिथे येणार नाहीत, त्या संग्रहालयांतच राहाव्यात, आणि त्या पाहायच्या तर १८६३ साली सुरू झालेल्या नागपूरच्या अजबबंगल्यापासून सुरुवात करावी. आम्हाला करायच्या आहेत त्या प्रतिकृती, आणि त्या आपल्याच कारागिरांच्या हातून. भंडाऱ्याचं नाव पितळी भांड्यांसाठी आहे. तिथल्या कसार बांधवांना विनंती, घोड्याच्या तांब्याच्या साजाची एक प्रतिकृती घडवून द्यावी. लगामाची कडी गावचा लोहार करतो म्हणाला आहे. काळी-लाल मडकी आपल्या भट्टीत उतरवून पाहायला कुंभारवाडा तयार आहे. त्यांना सरपण आणि मजुरी आपण द्यायची. उत्खननाच्या अहवालातली चित्रं आणि मापं समजावून सांगणारे पुरातत्त्वाचे विद्यार्थी किंवा प्राध्यापक आले तर फार बरं होईल. मापाशिवाय घडवलेला साज नुसती शोभेची वस्तू होईल, आणि ते आम्हाला नको आहे.

गावात घोडे म्हणाल तर आज वरातीच्या घोड्या तेवढ्या उरल्यात. त्या पाळणारं कुटुंब पिढ्यान्पिढ्या इथलं. लग्नसराईत त्यांच्या दारात रांग, आणि उरलेलं वर्षभर चाऱ्याची ओढाताण. त्यांनी समितीला शब्द दिलाय, प्रतिकृती तयार झाली की त्यांची पांढरी घोडी तो साज लेवून दालनापुढे उभी राहील. काचेच्या पेटीतला पत्रा पाहून जे कळत नाही ते घोड्याच्या कपाळावर पाहिलं की लगेच कळेल. कानाजवळ काय येतं, डोळा कुठे मोकळा राहतो, नाकाडावर पत्रा कसा बसतो. यासाठी त्या घोडीच्या कुट्टीचा, दाण्याचा आणि डॉक्टरचा खर्च समितीने उचलावा असं ठरलंय. घोडी दिवसात थोडाच वेळ सावलीत उभी राहील, आणि माळावर घोडसवारी होणार नाही. पर्यटक वाढतील म्हणून तीही सुरू करा असा आग्रह काहींनी धरला, तो आम्ही मानला नाही. ज्या जमिनीत माणसं पुरलीत तिच्यावरून पैसे घेऊन टापा उडवणं आम्हाला पटत नाही.

तिसरं, गावातल्या बारावी झालेल्या मुलींना वाटाड्या म्हणून तयार करायचं आहे. माहिती सांगण्याचं मानधन त्यांना मिळावं. नागपूरकरांनी विचार करून पाहावा, एका दिवसात किती पाहून होतं. सकाळी काटोल रोडवरचं जुनापाणी. १८७९ साली रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या वर्तुळांची माहिती छापली आणि पुढे १९६१-६२ ला बी. के. थापर यांनी पुरातत्त्व विभागातर्फे तिथे खोदकाम केलं. काही गोट्यांवर तिथे वाटीसारखे खोल ठसे आहेत, ते हात लावून नव्हे, तिरप्या उन्हात बघावेत. मग आमचा माळ, दालन, गावातलं जेवण, आणि परतताना धापेवाड्याचा विठोबा किंवा आदासाचा गणपती. वाघासाठी जिप्सीचं बुकिंग मिळालं नाही म्हणून रुसून बसलेल्या पाहुण्याला इकडे आणा. इथे काही दिसेल की नाही ही धाकधूक नाही, गोटे जागेवरच असतात.

त्यासाठी माळाकडे जाणारी पांदण पावसाळ्यात चालण्याजोगी करायची आहे, शाळेजवळ संडास आणि पिण्याच्या पाण्याची टाकी करायची आहे. यातलं काही काम शासकीय योजनांतून होईल, तसे अर्ज गेलेत. पण निधी यायला वेळ लागतो आणि मुरमाची ट्रॉली तोवर थांबत नाही. पाळ तरी मिरगाच्या आधी उभी राहिली पाहिजे.

देणगी कितीही चालेल. शंभर रुपये देणाऱ्यालाही पावती मिळेल आणि त्याचं नाव ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या यादीत लागेल. नाव नको असेल तर तसं सांगा. खर्चाचा अंदाज कोटेशनसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे. दर ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवला जाईल, आणि तो विचारायचा अधिकार बाहेरगावच्या देणगीदारालाही आहे. रोख रक्कम फक्त ग्रामपंचायत कार्यालयात, पावती घेऊनच द्यावी. ऑनलाइन भरणाऱ्यांसाठी क्यूआर कोड कार्यालयातच लावला आहे. व्हॉट्सअपवर कोणी दुसरा कोड पाठवला तर त्यावर पैसे टाकू नका. गावातून नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, नागपूरला गेलेल्या लेकी-लेकांनो, तुमच्याकडून आम्ही जरा हक्कानेच अपेक्षा ठेवतो. या माळावर तुम्ही सगळे खेळलात.

पैसे नसतील तर अंगमेहनत द्या. पाळीचं काम सुरू झालं की दर रविवारी सकाळी श्रमदान राहील. येणाऱ्यांनी फावडं आणि घमेलं आणावं, कुदळ घरीच ठेवावी. माळावर खणायचं काहीच नाही. उन्हाची टोपी आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या, वर सावली कमी आहे. जेवण गावाकडून, झुणका-भाकर आणि ठेचा. लहान मुलांना जरूर आणा, फक्त खापर किंवा मणी दिसला तर उचलू नका, समितीच्या माणसाला हाक मारून जागा दाखवा. तो फोटो काढून नोंद करील आणि वस्तू तिथेच राहू देईल.

आपले नम्र,
जतन समिती व समस्त गावकरी