फोनवर 'काही दुखत नाही' म्हणाले, त्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाळ झोपलंय, मला बसता येतंय, म्हणून लगेच लिहायला घेतलं. आम्ही तिघंही छान आहोत, हे आधीच सांगून टाकते. बाळाचं वजन वाढतंय, माझे टाके कोरडे आहेत, ताप नाही. रात्रीचं जागरण तुमचे जावई वाटून घेतात. तेव्हा आई, तू उगाच झोप मोडून घेऊ नकोस.

पत्राचं कारण वहिनी. परवा फोनवर तू म्हणालीस, पुढच्या महिन्यात तिचं सिझर ठरलंय आणि तू तिला बजावलंयस, पाठीत सुई घेऊ नकोस, पूर्ण भूल घे, नाहीतर पाठ जन्मभर धरते. मी नुसतं हुं म्हटलं. मग तू विचारलंस, तुला दुखतंय का गं, आणि मी म्हणाले, काही दुखत नाही. दोन्हीकडे मी चुकले. तुझ्या सांगण्यावर वहिनी ठरवणार आणि तुझं सांगणं माझ्या खोट्यावर पक्कं होणार, हे मनाला लागून राहिलंय.

दुखलं, आई. पण ते पाठीत नव्हतं, आणि दुखण्यावर उपाय झाला. म्हणून सगळं नीट सांगते.

आमचं बाळ पायाळू, त्यामुळे माझ्याही सिझरची तारीख आधीच ठरली होती आणि भूलतज्ज्ञ बाई आधी भेटून गेल्या. मी त्यांना तुझाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्याही खाली जाते, नुसत्या पाण्यात तरंगणाऱ्या नसा असतात तिथे. सुई केसासारखी नाही, पण रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक. टोचलेली जागा दोन-चार दिवस ठणकली, संपलं. पाठीत सुई घेतलेल्या मावशीची पाठ वर्षानुवर्षं दुखते हे खरं आहे, पण पूर्ण भूल घेतलेल्या आणि साध्या बाळंत झालेल्या बायकांचीही दुखते. नऊ महिने कमरेवर भार, सैल पडलेले सांधे आणि मग वाकून वाकून पाजणं. मी आता बाळाला उशीवर घेऊन स्वतःकडे आणते, स्वतः बाळाकडे वाकत नाही.

एक त्रास मात्र त्या सुईचा खरा आहे, तो लपवत नाही. क्वचित एखादीला नंतर डोकं दुखतं. बसलं की वाढतं, आडवं झालं की थांबतं. बाबा, तुम्हांला हे आवडेल: 1898 साली जर्मनीत ऑगस्ट बिअर नावाच्या शल्यविशारदाने ही भूल पहिल्यांदा वापरली, आपल्या सहाय्यकाकडून स्वतःच्याही पाठीत टोचून घेतलं, आणि पुढचे काही दिवस त्याला हेच डोकं दुखणं झालं. आता सुईचं टोक वेगळ्या घडणीचं असतं, म्हणून हे पुष्कळ कमी झालंय. झालंच तर त्यावर उपायही आहे. मावशीला उशीशिवाय दिवसभर उताणं निजवलं होतं ना, तसं निजून ते टळत नाही हेही आता कळलंय. मला डोकेदुखी झाली नाही.

प्रत्यक्ष ऑपरेशनला भीती वाटली, हो. पाय आधी गरम झाले, मग जड, मग माझे राहिलेच नाहीत. अंगावर गार फवारा मारत मारत बाई विचारत होत्या, गार लागतंय का. छातीपर्यंत लागेनासं झालं तेव्हाच पुढचं सुरू केलं. मध्ये रक्तदाब उतरला, पोटात ढवळलं, मी सांगितलं, त्यांनी सलाइनमधून औषध दिलं आणि मिनिटभरात बरं वाटलं. दात वाजेपर्यंत थंडी भरली होती. ओढल्याचं, दाबल्याचं कळतं, कापल्याचं कळत नाही. आणि मग बाळ रडलं. मी ऐकलं, आई. तेव्हा तुझीच आठवण आली. माझ्या वेळी तू शुद्धीवर आलीस तेव्हा मी पाळण्यात होते, घसा श्वासाच्या नळीने सोलवटलेला होता आणि मुलगी आहे हे तुला दुसऱ्याच कुणी सांगितलं.

म्हणून तुला दिलेली भूल चुकीची होती असं समजू नकोस. रक्त जात होतं, घाई होती, अशा वेळी पूर्ण भूलच सर्वांत लवकर चढते. कुणाच्या रक्तात गुठळी धरण्याची ताकद कमी असते, कुणाला पाठीतली भूल पुरेशी चढत नाही, तेव्हाही तीच लागते. त्या भुलीनेच आपण दोघी वाचलो. पण वहिनीचं ठरवून आहे, घाई नाही. गरोदर बाईच्या घशाला सूज असते, नळी घालणं अवघड जातं, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायची भीती असते, म्हणून वेळ असेल तर डॉक्टर पाठीतलीच सुचवतात.

आता रात्रीचं. पाठीतल्या त्या इंजेक्शनातच चिमूटभर मॉर्फिन असतं, ते 12 ते 24 तास पोटाचं दुखणं दाबून धरतं. अंगाला खाज मात्र सुटते. पूर्ण भुलीत हे मिळत नाही, त्यामुळे जाग येताच दुखणं समोर उभं असतं. वहिनीला हे मुद्दाम सांग.

इथली एक रीत मला पहिल्या दिवशी कळलीच नाही. दर थोड्या तासांनी नर्स येते आणि विचारते, शून्य ते दहात तुझं दुखणं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त कल्पनाही करवत नाही. दुखण्याला मार्क! दुखतंय म्हटलं की कितीही असो दुखतंय, असं मला वाटायचं. त्यातून आकडा नुसता पडल्या पडल्याचा नाही, हलल्यावरचा वेगळा सांगायचा. आणि तो त्या लिहून ठेवतात, औषध दिल्यावर तासाभराने परत विचारतात, उतरला का ते बघतात. मी प्रत्येक वेळी 'तीन' सांगायची. आपल्याकडे कण्हणाऱ्या बाईला नाजूक म्हणतात ना, तेच डोक्यात. गोळ्याही नको म्हटलं, दुधात उतरतील म्हणून. दुसऱ्या रात्री मॉर्फिन उतरलं, बाळ रडलं आणि मला कुशीवर वळता येईना. खोकला आला तर वाटलं टाके फाटले. तरी मी 'तीन'च म्हणाले. नर्स म्हणाली, मग वळून दाखव. मला रडू आलं. ती शांतपणे म्हणाली, आकडा शून्य व्हावा असं कुणी म्हणत नाही, पण तुला बाळ उचलता आलं पाहिजे, चालता आलं पाहिजे. पडून राहिलीस तर पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि दुखणं अंगावर काढलं तर काही जणींचं महिनोन् महिने रेंगाळतं.

तेव्हापासून दुखो न दुखो, दर 6 तासांनी पॅरासिटामॉल आणि जोडीला आयबुप्रोफेन घड्याळ लावून घेतली. दुखणं चढल्यावर उतरवण्यापेक्षा चढूच न देणं सोपं. ही दोन्ही दुधात अगदी थोडी उतरतात, बाळाला बाधत नाहीत. कोडीन नावाचं दुखण्यावरचं औषध मात्र अंगावर पाजणाऱ्या आईने टाळायचं असतं, काहींच्या शरीरात त्याचं भराभर मॉर्फिन होतं आणि ते बाळाला झोपवतं. वहिनीच्या पोटात आम्ल होतं, किडनीचं काही असेल, तर कुठली गोळी चालेल हे तिच्या डॉक्टरांनाच विचारू दे.

तिचं दुसरं बाळंतपण आहे, तेव्हा अंगावर पाजताना पोटात कळा जास्त येतील. गर्भाशय आकसतं म्हणून. घाबरू नकोस म्हणावं. खोकताना, हसताना उशी पोटाशी घट्ट धरायची. उठताना आधी कुशीवर, मग हाताच्या आधाराने. टाक्याच्या वरची कातडी बरेच महिने बधिर राहते, तेही नवीन नाही. आणि भूलतज्ज्ञांना आधी भेटायचा हट्ट धर म्हणावं, दादालाही सोबत ने म्हणावं. विचारणं म्हणजे अविश्वास नाही.

तू इथे नव्हतीस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. व्हिसाचं आपल्या हातात नव्हतं. मी एकटी पडले असं तुला वाटतं, तसं झालं नाही. दुसऱ्या रात्री तेवढं वाटलं.

धाकटीच्या लग्नाची तारीख कळली. बाबा, मला यायला जमणार नाही हे फोनवर सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून इथे लिहिते. बाळाचा पासपोर्ट तोवर हातात येईल असं दिसत नाही. तिला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका. पैसे कबूल केले होते त्याहून कमी पाठवतेय, रजेचे शेवटचे आठवडे बिनपगारी आहेत. उरलेले कामावर रुजू झाले की दोन हप्त्यांत. तोपर्यंत ठेव मोडू नका, दादाशी बोला, त्याच्याशी माझं बोलणं झालंय.

बाळ उठलं. आज हलल्यावरचा आकडा दोन आहे आणि तो खराच सांगतेय.

तुमची लेक

ता. क. आई, हे पत्र वहिनीला तूच वाचून दाखव. मी सांगितलं तर ती तुझा मान राखायला गप्प बसेल.