आत बसू की बाहेर?

प्रिय संज्या,

चार महिने पत्र नाही की फोन नाही, मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझं बरं, आईचे गुडघे होते तसेच. पण लिहायचंय ते वेगळंच, आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, मग त्यात काय एवढं.

आईला तीन महिने खोकला होता रे. कोरडा, रात्रीचा, उशीला टेकून बसून रात्र काढायची. दोन सिरप संपली, एक्सरे क्लिअर. डॉक्टरांनी "काय आजी, बरंय ना?" विचारायचं आणि हिने "हो, बरंय" म्हणायचं, खेळ खल्लास! मग बाहेर येऊन चपलेत पाय घालता घालता मला सांगणार, रात्रभर डोळा नाही. आत का नाही बोललीस, तर म्हणे त्यांना किती पेशंट असतात.

एकदा निघताना दाराच्या कडीला हात लावला होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर, बीपीची गोळी बदलली तेव्हापासूनच आहे हो हा खोकला." त्यांनी पेन खाली ठेवलं. "रामिप्रिल ना? बसा जरा." त्या जातीच्या गोळ्यांनी काही जणांना असा खोकला येतो, गोळी थांबवली की बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो. त्यांनी दुसरी दिली (मनाने बंद करायची नाही हे दोनदा बजावून), आणि महिन्याभरात खोकला गेला. तीन महिन्यांचा खोकला आणि एका वाक्याचा उशीर!

मग काय, मी चढलोच. पुढच्या वेळी यादीच घेऊन गेलो, ही गोळी किती दिवस, पोटॅशियम तपासायचं का, बीपी घरी कधी मोजायचं. आणि गंमत बघ, एरवी "ही घ्या, महिन्याने या" म्हणणारा माणूस खुर्ची माझ्याकडे वळवून कागदावर आकृती काढून समजावत होता, वर "तुम्हाला काय वाटतं?" असंही विचारत होता. मी एकदम खूष. मातोश्री मात्र घरी येईपर्यंत गप्प, आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "बीपी माझं, बोलत होता तुम्ही दोघं. मी आपली मध्ये पिशवी धरून."

संज्या, तेव्हा काका आठवले, दवाखान्यात डॉक्टरांना म्हणाले होते, "अजून जिवंत आहे मी, मला सांगा की!" तू विचारत सुटला होतास आणि मी तुझी बाही ओढत होतो, डॉक्टर वैतागतील म्हणून. त्यावरून पंधरा दिवस अबोला धरलास. आता वाटतं, तुझं बरोबर होतं, काकांचंही बरोबर होतं, बाही ओढणारा तेवढा चुकला. नऊ वर्षांनी कबूल करतोय, विन्याला सांगू नकोस, जन्मभर ऐकवेल.

मग रात्री जागून यावरच वाचत बसलो. १९८४ साली अमेरिकेत मोजलं होतं, पेशंट बोलायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलायचे. आईला पिशवी खाली ठेवायलाच तेवढा वेळ लागतो. आणि २००७ साली तिकडेच दुसरं करून पाहिलं, "आणखी काही तक्रार नाही ना?" अशा वळणाने विचारण्याऐवजी "आणखी काय सांगायचंय?" अशा वळणाने विचारायचं. इंग्रजीत एका शब्दाचाच फरक, पण पेशंटच्या मनात राहून जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या! म्हणजे "बरंय ना?" ला "बरंय" सोडून दुसरं उत्तर येणार तरी कसं?

मी आईला म्हटलं, तुझे प्रश्न तू लिही. तिने जुन्या पाकिटाच्या मागे लिहिलेत, चार घड्या घालून चष्म्याच्या केसमध्ये ठेवलेत, दाखवत नाही. एकदा केस उघडली मी, कागद दिसला, परत बंद केली. गुरुवारी जायचंय आणि ती म्हणते, तू बाहेर बस. बसलो आणि ती पुन्हा "बरंय" म्हणून आली तर? आत बसलो तर माझं तोंड बंद राहील का, तू ओळखतोसच मला.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटी चालायला लागली का? वहिनींना नमस्कार, त्यांचं पुस्तक माझ्याकडेच आहे, हरवलं नाही.

आत बसू की बाहेर, तेवढं गुरुवारच्या आत कळव रे.

तुझाच,
बंड्या