डेटा कोणत्या वाटेने जावा, हे ग्राहकाला ठरवू द्या

महोदय,

पावसाळ्यात ब्रॉडबँड बंद पडले की फोनचे इंटरनेट लॅपटॉपला जोडून काम पुढे रेटणे, हे मुंबईत आता घरोघरी अंगवळणी पडले आहे. मात्र अशा वेळी बाहेर जाण्याच्या दोन वाटा असूनही, फाइल पाठवणारे बरेच प्रोग्रॅम त्यांपैकी कोणती धरायची हे आपल्याला विचारतही नाहीत, याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

मी मुलुंडला घरूनच पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे काम करतो आणि पानांच्या फाइल रोज रात्री बॅकअपसाठी आपोआप जातात. गेल्या जुलैत वायफाय गेल्यामुळे फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला. तासाभरात वायफाय परत आले, फोन मात्र चार्जिंगच्या निमित्ताने तसाच जोडलेला राहिला आणि रात्रीचा सगळा बॅकअप त्याच्याच डेटावर गेला. माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली आहे. त्यातील जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्रॅम तारेच्या जोडणीला १०० आणि वायफायला ६०० असा आकडा देतो, ज्याचा आकडा लहान त्या वाटेला पहिला मान मिळतो, आणि यूएसबीने जोडलेला फोन त्याच्या लेखी तारेचीच जोडणी ठरतो! तेव्हा लॅपटॉप नियमाप्रमाणेच वागला. माझी तक्रार आहे ती पैसे मोजून घेतलेल्या बॅकअप प्रोग्रॅमबद्दल, कारण त्यात जोडणी निवडण्याची सोयच नाही.

ही सोय काही नवलाईची नव्हे. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये आणलेल्या ‘कर्ल’ या फाइल पाठवण्या-आणण्याच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘इंटरफेस’ हा पर्याय असून, त्यापुढे जोडणीचे नाव किंवा आयपी पत्ता (नेटवर्कवरील तिचा आकडी पत्ता) लिहिता येतो. मला त्याहून मोलाची वाटते ती गोष्ट अशी की, सांगितलेली जोडणी जागेवर नसेल तर तो गुपचूप दुसरी वाट न धरता ४५ क्रमांकाची चूक दाखवून थांबतो.

अर्थात यातही एक मेख आहे. नुसता पत्ता दिला तर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून तो लागतो खरा, पण डेटा प्रत्यक्ष कुठून बाहेर पडणार हे राउटिंग टेबलच (संगणकातील वाटांची यादी) ठरवू शकते. लिनक्सवर जोडणीचे नाव देणे अधिक खात्रीचे, आणि लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) ५.७ या आवृत्तीपासून त्यासाठी सहसा रूट, म्हणजे संगणकाच्या मुख्य चालकाचे, अधिकारही लागत नाहीत. विंडोजवर मात्र नाव चालत नाही, पत्ताच द्यावा लागतो. सामान्य ग्राहकाने हे सारे शिकत बसावे अशी अपेक्षा करणे गैर आहे. म्हणूनच बॅकअपचे प्रोग्रॅम विकणाऱ्या कंपन्यांनी उपलब्ध जोडण्यांची यादी सेटिंगमध्ये समोर ठेवावी, आणि निवडलेली जोडणी बंद असेल तर फाइल रोखून तसे ग्राहकाला कळवावे.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई