‘व्हेरिगेटेड होस्टा’च्या पाकिटाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : बियाण्याची दिशाभूल करणारी जाहिरात व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या संकेतस्थळावरून मी ‘व्हेरिगेटेड होस्टा’चं, म्हणजे दुरंगी पानांच्या होस्टा या शोभेच्या झाडाच्या बियांचं, ३४९ रुपयांचं पाकीट मागवलं. त्यावर फोटो ‘पेट्रियट’ वाणाचा आहे : गर्द हिरवं पान, भोवती रुंद पांढरी किनार. खाली बारीक अक्षरांत ‘मुक्त परागीभवनाचे बियाणे’, म्हणजे निसर्गतः, आपोआप फळलेलं बी. या दोन गोष्टी एका पाकिटावर नांदूच शकत नाहीत, हीच माझी तक्रार.

बी उगवलं नाही असं मी म्हणत नाही. बी होस्टाचंच आहे. काळं, चपटं, पातळ पंखाचं. कोकोपीटमध्ये छान रुजलं. पण रोपं बहुतेक साधी हिरवी निघाली. काही पांढरीफटक होती, ती हरितद्रव्याअभावी बियातला साठा संपताच माना टाकून गेली. किनारवालं एकही नाही.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, “मॅडम, थांबा, झाड मोठं झालं की पट्टे येतील.” हे त्यांना कुणी पढवलं? पानातला हा पांढरा-हिरवा भेद हरितलवकांमुळे (पेशींतल्या हिरवा रंग धरणाऱ्या कणांमुळे) असतो आणि होस्टात ती आईकडूनच, म्हणजे बी धरणाऱ्या झाडाकडूनच, उतरतात. त्यातही किनारवाल्या झाडाच्या बियांतून किनार येत नाही. आईच्या पानाचा मधला भाग हिरवा असेल तर रोपं हिरवी, पांढरा असेल तर पांढरी. (माझ्या ट्रेमध्ये दोन्ही आली, म्हणजे बीही सरमिसळ दिसतं.) दुरंगी रोपं हवीत तर आई अंगभर वेड्यावाकड्या पट्ट्यांची लागते, आणि तिच्याही सगळ्या बिया तशा निघत नाहीत. ‘पेट्रियट’ तर बियांतून आलेलीच नाही; ‘फ्रान्सी’ वाणात आपोआप झालेल्या बदलातून ती मिळाली, आणि गड्डे फोडून किंवा ऊतीसंवर्धनानेच (टिश्यू कल्चरने) वाढवतात. एखादं हिरवं रोप पुढे क्वचित पालटतंही, पण त्या योगायोगाच्या भरवशावर पाकीट विकायचं म्हणजे कमाल झाली.

तुमच्या जाहिरातीतलं ‘भारतात कुठेही, बारमाही’ हेही धादांत खोटं. होस्टाला हिवाळ्यात काही आठवडे कडक थंडीत विश्रांती लागते. माझी रोपं शिमल्याला नणंदेकडे जायची आहेत. पुण्या-नागपूरच्या बाल्कनीवाल्यांनी काय करायचं?

तरी पाकिटाची किंमत टपालखर्चासह परत करावी आणि तो फोटो काढून ‘बहुतांशी साधी हिरवी रोपे’ असं स्पष्ट छापावं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तरतूद आहे. पंधरा दिवसांत दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन. पावती, पाकीट आणि ट्रेचे फोटो सोबत जोडले आहेत. उत्तर लेखी हवं. ‘थांबा’ सांगणारा फोन पुन्हा नको.

आपली ग्राहक,
पुणे