आई, ती पाकिटे मी पाठवणार नाही

सोल

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

मी वजन उतरवण्यासाठी इथला कोरियन काढा घेते, हे तुम्हाला मावशीकडून कळावे याची मला लाज वाटते. त्याची पाकिटे आईसाठीही पाठव, हा तुमचा निरोप मिळाला. व्हिडिओ कॉलवर आईने ‘चेहरा का ओढला आहे’ असे विचारले, तेव्हा कामाचे निमित्त सांगून मी वेळ मारून नेली होती. मात्र हे दुकानातले चूर्ण नाही. इथले वैद्य सहा वर्षे शिकून सरकारी परवाना मिळवतात आणि नाडी पाहिल्याशिवाय काही देत नाहीत. रक्तदाब तपासून, आपल्या घरचा इतिहास विचारूनच त्यांनी तीन महिन्यांचा काढा लिहून दिला. त्यातले निम्मे दिवस सरलेही.

काढा उकळावा लागत नाही. बंद पाकिटातून येतो, ते मी गरम पाण्यात ठेवते. ली जे-मा या कोरियन वैद्यांनी १८९४ साली माणसांच्या चार प्रकृती मांडल्या, त्यांतल्या एकीसाठीचा हा काढा आहे. त्यात मुळ्याचे बी आहे, सुकवलेले चेस्टनट आहेत आणि वेखंडाच्या जातीतले एक मूळही आहे. हे कळल्यापासून पहिल्या घोटाला मला आजीची सहाण आठवते, आणि तोंड मिटून बसलेल्या मला मांडीत घट्ट धरणारी आईसुद्धा.

पण त्यातच माह्वांगही आहे, आपल्याकडच्या सोमलतेच्या कुळातले. त्यातल्या एफेड्रिन या द्रव्याने भूक मरते, तशी छातीत धडधडही होते. पहिल्या आठवड्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत माझा डोळा लागत नव्हता. वैद्यांनी मात्रा उतरवली, संध्याकाळचे पाकीट बंद केले, तेव्हा झोप आली. अमेरिकेने तर २००४ साली या वनस्पतीच्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. म्हणून, आई, तुझ्या गुडघ्यांवरचा भार उतरावा असे मला कितीही वाटले, तरी तुझ्या रक्तदाबात हे औषध चालणार नाही. मी तो विचारही करणार नाही. रागावू नकोस.

माझी काळजी नसावी. दुपारी वरणभात पोटभर जेवते, खोली उबदार आहे, आणि धडधड पुन्हा झाली तर काढा त्याच दिवशी थांबवीन.

बाबा, आईची सकाळची गोळी तुम्ही स्वतः हातावर ठेवा, रक्तदाब दर सोमवारी वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा. मावशीने कुणाकडून पाकिटे मागवलीच, तर ती फोडू नका.

तुमची,
बेबी