विरोळ्याचं नाव पूर्ण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात पाणसापांवरचा लेख वाचला, फोटो झकास होता पण त्याखाली नाव काय, तर नुसतं नॅट्रिक्स, म्हणजे दोन शब्दांच्या शास्त्रीय नावातला फक्त पहिला, गटाचा शब्द, ते खटकलं म्हणून लिहितोय. फोटोतला साप विरोळा आहे, म्हणजे पाणदिवड, डोळ्याखालच्या दोन तिरक्या काळ्या रेघा आणि अंगावरच्या चौकटी अगदी क्लिअर दिसतायत. एके काळी जगभरातले गोड्या पाण्यातले बरेच साप नॅट्रिक्समधेच कोंबले होते हे खरंय, आता मात्र त्यात मोजकेच उरलेत. अमेरिकेतले 1977 साली वेगळे काढून नेरोडिया नावाच्या गटात गेले, आणि फरक तरी बघा, नेरोडियाच्या माद्या थेट पिल्लं देतात, नॅट्रिक्सच्या अंडी घालतात.

विरोळ्याचं तर विचारूच नका. 1799 मधे जर्मन शास्त्रज्ञ श्नायडरने त्याला हायड्रस पिस्केटर म्हटलं, नंतर ट्रोपिडोनोटस झालं, नॅट्रिक्स झालं, मग कितीतरी वर्षं झेनोक्रोफिस आणि 2018 पासून फाउलिया. लोक वैतागतात की सारखं काय नाव बदलता, पण बदलतोय तो पहिलाच शब्द, दुसरा शब्द म्हणजे त्या जातीचं स्वतःचं नाव पिस्केटर, तो दोनशे वर्षं जागचा हललेला नाही! आणि तुम्ही नेमका तोच गाळलात, आता नुसत्या आडनावावरून माणूस कसा शोधायचा? शाळेतली पोरं जुन्या पुस्तकात झेनोक्रोफिस बघतात, नेटवर फाउलिया, आणि त्यांना वाटतं हे दोन वेगळे साप.

अजून एक, लेखात सगळे पाणसाप बिनविषारी असं सरसकट लिहिलंय ते पण चूक. हॉमालॉप्सिडी कुळातल्या पाणसापांना जबड्यात मागच्या बाजूला विषदंत असतात, विष सौम्य असतं पण असतं. विरोळा मात्र खरंच बिनविषारी, फक्त तापट, डिवचला की मान चपटी करून उभा राहतो आणि कडकडून चावतो, त्यामुळे लोक नाग समजून त्याला ठेचतात हो, फार वाईट वाटतं. फोटोखाली नीट नाव असतं तर निदान तुमच्या वाचकांनी तरी त्याला ओळखलं असतं.

तेव्हा प्लीज ऑनलाइन आवृत्तीत तरी फोटोखाली विरोळा, फाउलिया पिस्केटर असं पूर्ण नाव टाका, शेजारी जुनं नाव झेनोक्रोफिस पिस्केटर पण द्या, आणि ते बिनविषारीवालं वाक्य दुरुस्त करा.

आपला,
एक नियमित वाचक